उपग्रहातला साबण

कंपोजबाईला जगातलं जवळजवळ सगळं माहीत होतं, फक्त विचारलं की सांगता येत नसे. ज्ञान तिच्या डोक्यात नव्हतं, बोटांत होतं. एकोणीस वर्षं ती स्पर्धापरीक्षांची गाईडं टाइप करत होती. 'संगणकाचा मेंदू कोणता?' असं कुणी म्हटलं की तोंड गप्प राही, पण बोटं टेबलाच्या कडेवर 'सीपीयू' बडवून मोकळी होत.

छापखाना एका बॅटरीच्या दुकानाच्या वर होता. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत गठ्ठे, आतल्या खोलीत दोन कॉम्प्युटर. एकावर कंपोजबाई काम करी, दुसऱ्यावर मालक पत्ते खेळत. टेबलफॅनचं तोंड कायम भिंतीकडे असे, कारण माणसांकडे वळवला की कागद उडत. तिच्या कीबोर्डवरचं शून्याचं बटण पाच वर्षांपासून रुसलेलं होतं. तीनदा दाबावं तेव्हा दोनदा उमटे. नवा कीबोर्ड मागितला तर मालक म्हणाले, "बाई, शून्याला कधी किंमत असते का?"

गाईडांचे लेखक होते लेखकसर. कव्हरावर त्यांच्या नावामागे सहा पदव्या असत. त्यातल्या दोन खऱ्या होत्या आणि दोन्ही चित्रकलेच्या. कॉम्प्युटर, इंटरनेट आणि अंतराळविज्ञान या तिन्ही विषयांवर त्यांची मिळून एकतीस पुस्तकं होती, आणि यातल्या एकाही गोष्टीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. अंतराळाला लावणं शक्यच नव्हतं म्हणा, पण कॉम्प्युटर तर बाईच्या टेबलावरच होता. ते कागदावर लिहीत, जुन्या पुस्तकांची कात्रणं डिंकाने चिकटवत, आणि मधल्या जागेत शाईतून निघालेल्या मुंगीसारखं बारीक अक्षर काढत. ते अक्षर वाचू शकणारी माणसं जगात दोनच, त्यातले एक स्वतः सर, तेही चष्मा असला तर. सुधारित आवृत्ती म्हणजे हिरव्या कव्हराच्या जागी लाल कव्हर. तपासायला दिलेलं प्रूफ सर हातावर तोलत आणि म्हणत, "जाडी ठीक आहे. छापा."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपोजबाई अंतराळाच्या धड्यात होती. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन अडकवलेला आणि फोनमध्ये सासूबाई. सासूबाईंचा आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. "येताना साबण आण. कपड्यांचा. मागच्या वेळी आणलास तसला भुसभुशीत नको!" बाई 'हो आई, हो आई' म्हणत टाइप करत होती. सरांनी लिहिलं होतं, 'उपग्रहाचे मुख्य भाग : सौरपट्ट्या, अँटेना, बॅटरी, ट्रान्सपाँडर.' छापलं गेलं, 'सौरपट्ट्या, अँटेना, बॅटरी, साबण, ट्रान्सपाँडर.' त्याच पानावर खाली भूस्थिर उपग्रहाची उंची होती, सुमारे ३६,००० किलोमीटर. तिथे शून्याच्या बटणाने अंग चोरलं, बाईने सवयीने स्वल्पविराम सरकवला, आणि उपग्रह ३,६०० किलोमीटरवर येऊन बसला.

सरांनी प्रूफ तोललं. जाडी ठीक होती.

पुढची चार वर्षं कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. पुस्तक खपत राहिलं. वाचणारे पाठ करत होते आणि पाठ करणारा माणूस काय पाठ करतोय हे पाहत नाही.

चोर पकडला तो घरात. बाईची धाकटी नणंद सत्तावीस वर्षांची. एका सरकारी कार्यालयातल्या लिपिकाच्या परीक्षेसाठी घासत होती, आणि गाईड अर्थातच वहिनीच्या छापखान्यातलं, कारण ते फुकट मिळायचं. संध्याकाळी बाई भाजी निवडता निवडता तिची उजळणी घ्यायची.

"वन्सं, रॅम म्हणजे?"

"वीज गेली की सगळं पुसलं जातं ती स्मृती."

"म्हणजे कोण?"

"दादा," नणंद म्हणाली. "दाराबाहेर पडला की यादी साफ."

"आणि वीज जावो, घर जावो, जे पुसलं जात नाही ते?"

दोघींनी एकदमच आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे सासूबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ एकोणीस वर्षांपूर्वी सुनेने फोडलेल्या कपबशीची हकीकत अजून अक्षर न अक्षर शाबूत होती.

दादा, म्हणजे बाईचा नवरा, गच्च्यांवर टीव्हीच्या डिश बसवण्याचं काम करायचा. त्या संध्याकाळी तो पायरीवर बसून बोटात घुसलेलं तारेचं कुसळ काढत होता. नणंद पुढे पाठ म्हणत गेली, "भूस्थिर उपग्रहाची पृथ्वीपासून उंची तीन हजार सहाशे किलोमीटर..."

"किती?"

"तीन हजार सहाशे."

नवरा इतका हसला की कुसळ आणखी आत गेलं. "अगं, तो तीन हजार सहाशेवर असता तर पावणेतीन तासांत पृथ्वीला चक्कर मारून आला असता. मग मी गच्चीवर बसवलेली डिश कुणाकडे तोंड करून बसली असती? लोकांनी मला रोज आठ वेळा वर चढवलं असतं! छत्तीस हजारावर आहे तो. तिथे त्याला एका फेरीला एक दिवस लागतो, आणि पृथ्वीही एका दिवसात फिरते, म्हणून आपल्याला तो एका जागी दिसतो. म्हणून तर डिशचं तोंड एकदा वळवलं की काम झालं. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात."

"पुस्तकात तर तीन हजार सहाशे आहे."

"पुस्तक कुणी लिहिलंय?"

दोघांनी कंपोजबाईकडे पाहिलं. तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने छापखान्यातलं जुनं कपाट उघडलं. मालक काहीच फेकत नसत, त्यामुळे सरांचे मूळ कागद गठ्ठ्याने पडलेले होते. तिला ते पान सापडलं. मुंगीच्या अक्षरात ३६,०००. तिन्ही शून्यं ठणठणीत. तिने आयुष्यात पहिल्यांदाच ते पान डोक्याने वाचलं, आणि मग वरच्या ओळीतला साबण दिसला. कान गरम झाले. सरांच्या अकलेवर एकोणीस वर्षं ती हसत आली होती, आणि इथे सरांचं बरोबर होतं आणि घाण तिने करून ठेवली होती.

ती मालकांकडे गेली. मालकांनी पत्त्यांवरून मान वर केली नाही. "चार आवृत्त्या झाल्या, एक तरी तक्रार आली?"

"तक्रार नाही आली म्हणून उपग्रह खाली येतो का?"

"बाई, परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. पुस्तकं दुकानात गेलीत. पुढच्या वर्षी बघू. आणि कशाला घाबरता? बाजारातली बाकीची सहा गाईडं आपलंच बघून छापतात. त्यांच्यातही तेच असणार." हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं, जसं काही त्यांची मुलं परदेशी स्थायिक झाली होती.

बाईने घरी येऊन नणंदेला तेवढं सांगितलं. "खरं उत्तर छत्तीस हजार. पुस्तकातली चूक माझी."

नणंदेने पेन्सिलने समासात ३६,००० लिहिलं. परीक्षेत प्रश्न आलाच. पर्याय चार, ३६०, ३,६००, ३६,००० आणि ३,६०,०००. नणंदेने पाच मिनिटं विचार केला आणि ३,६०० वर खूण केली.

"का?" बाईने घरी आल्यावर विचारलं.

"वहिनी, पेपर काढणारा काय टेप घेऊन वर गेलाय मोजायला? तोही गाईडातूनच काढणार." नणंद चपला भिरकावत म्हणाली. "मला खरं माहीत होतं. मला मार्क पाहिजे होता."

आणि कार्यालयाने उत्तरतालिका जाहीर केली तेव्हा नणंद बरोबर ठरली. उत्तर, ३,६००. पुढे निकाल लागला. चाळीस जागा होत्या, नणंद चाळिसावी. घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी खालच्या मजल्यावरच्या बाईला, जिच्याशी त्या आठ वर्षं बोलत नव्हत्या, मुद्दाम हाक मारून ही बातमी सांगितली आणि परत बोलणं बंद केलं.

चार दिवसांनी छापखान्यात एक माणूस आला. त्रेचाळीस वर्षांचा, कपाळावर घाम, काखेत सात गाईडं. एका मोठ्या इस्पितळात तो लिफ्टमन होता. आठ मजले वर, आठ मजले खाली, आणि मधल्या वेळात स्टुलावर बसून अभ्यास. वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची परीक्षा होती.

"मला ही पुस्तकं टाइप करणारा माणूस भेटेल का?"

"बोला. मीच ती."

तो चपापला. बहुधा दाढीवाला कुणी प्राध्यापक त्याच्या डोळ्यांसमोर असावा. त्याने सातही पुस्तकं टेबलावर मांडली आणि एकेक पान उघडलं. "मी छत्तीस हजार लिहिलं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तेच आहे. हरकत घेतली तर कार्यालयाचं उत्तर आलं की सात पुस्तकं तीन हजार सहाशे म्हणतात आणि एक शाळेचं पुस्तक छत्तीस हजार म्हणतं, तेव्हा बहुमत तीन हजार सहाशेला."

"उपग्रहाची निवडणूक झाली म्हणायची."

"तेच तर! मग मी सातही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली." त्याने घसा खाकरला. भल्या माणसाला विचारायचाच संकोच वाटत होता. "बाई, उपग्रहात साबण कशाला?"

कंपोजबाईने तोंडावर पदर घेतला, पण हसू पदरातून बाहेर पडलं. तिने सातही पानं पाहिली. सातही ठिकाणी साबण होता. एका गाईडाने चोरी लपावी म्हणून 'विशेष साबण' केलं होतं. दुसऱ्याने, ज्याच्या कव्हरावर 'तज्ज्ञ प्राध्यापकांचे मंडळ' असं छापलं होतं, कंसात खुलासा दिला होता, 'अंतराळातील धूळ स्वच्छ करण्यासाठी'.

"म्हणजे ही सात पुस्तकं नाहीतच," लिफ्टमन म्हणाला. "एकच आहे. बाकी सगळ्यांनी साबणासकट उचललंय. पण मी म्हणून कोण ऐकणार? तुम्ही लिहून दिलंत तर..."

बाईचं हसू तिथेच थांबलं. लिहून दिलं तर उत्तर बदलणार. उत्तर बदललं तर घरातली चाळिसावी बाहेर. तिने त्याला उद्या यायला सांगितलं.

त्या संध्याकाळी तिने नणंदेला समोर बसवून सगळं सांगितलं. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं, एवढा तिचा हिशोब साधा होता. नणंद आधी पांढरी पडली, मग लाल.

"त्या साबणाने तू माझी नोकरी धुऊन काढणार आहेस, वहिनी?"

"उत्तर चुकीचं आहे, वन्सं."

"मलाही माहीत आहे चुकीचं आहे ते! चाळीस जणांतल्या तीस जणांनी तेच लिहिलं असेल. त्यांच्या वहिन्या नाहीत कुठे पत्रं लिहीत बसलेल्या!"

नवरा मध्ये पडायला आला. "अगं, पण छत्तीस हजार हे तर..."

"तू गप्प बस, दादा! तुझ्या त्या डिशपायीच हे सगळं झालं."

बाई उठून गॅलरीत गेली. समोरच्या सगळ्या गच्च्यांवर नवऱ्याने बसवलेल्या डिश एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. तिला आठवलं, एकोणीस वर्षांत तिने टाइप केलेल्या एकाही पुस्तकावर तिचं नाव कुठे नव्हतं. जे एकच वाक्य तिचं स्वतःचं म्हणावं असं होतं, ते चुकीचं होतं, आणि चार वर्षं माणसं तेच घोकत होती. लिफ्टमधल्या स्टुलावर बसून घोकत होती. याची तिला लाज वाटत होती, आणि नणंदेची कीवही येत होती. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि त्यावर तोडगा काही नव्हता.

तिने पत्र लिहिलं. टाइप केलं नाही, हाताने लिहिलं. 'मी खाली सही करणारी कळवते की सदर पुस्तकातील उंचीमधील एक शून्य माझ्या हातून गळाले. मूळ हस्तलिखिताचे पान सोबत जोडले आहे. तसेच त्याच पानावरील साबण हा उपग्रहाचा नसून माझ्या सासूबाईंचा आहे.'

सुनावणीला तिघांची समिती होती. लिफ्टमन आणि बाई समोर बसले. अध्यक्षांनी पत्र दोनदा वाचलं.

"साबण ही काही तांत्रिक संज्ञा आहे का?"

"नाही साहेब. कपड्यांचा. निळा."

"पण सात पुस्तकांत..."

"सातही जणांनी आमचं बघून लिहिलं. सरांच्या मूळ कागदात बघा, साबण नाही आणि शून्यं तीन आहेत."

अध्यक्ष आपल्या उजवीकडच्या सभासदाकडे वळले. तो सभासद सकाळपासून पाणीच पीत होता. त्याने आणखी एक पेला ओतून घेतला. पेपर कुणी काढला होता हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही, पण पाण्याचा जग रिकामा झाला तेव्हा सगळ्यांना कळलं होतं.

निकाल आला तो सरकारी थाटाचा. उत्तर बदललं नाही. प्रश्नच रद्द झाला आणि सगळ्यांना एकेक मार्क वाटून टाकला. ज्यांनी ३६० लिहिलं त्यांनाही मिळाला, ज्यांनी ३,६०,००० लिहून उपग्रह जवळजवळ चंद्राच्या गळ्यात बांधला त्यांनाही मिळाला. नणंदेला तो आधीच मिळालेला होता, त्यामुळे तिचे मार्क तेवढेच राहिले आणि आसपासची माणसं एकेक पायरी वर चढली. नणंद चाळिसाव्या क्रमांकावरून घसरून प्रतीक्षायादीत अकरावी झाली.

ती तेवीस दिवस वहिनीशी बोलली नाही. घरातला सगळा पत्रव्यवहार सासूबाईंच्या मार्फत चाले. "आई, वहिनीला सांग, टॉवेल वाळलाय." वहिनी समोरच उभी असे. सासूबाई टॉवेलचा निरोप इमानेइतबारे पोचवत, आणि त्यात पदरचं थोडं घालत. मात्र सुनेवर त्या अजिबात रागावल्या नव्हत्या. सरकारी कागदावर आपला साबण गेला, ही गोष्ट त्यांना अतोनात आवडली होती. "बघा, मी भुसभुशीत नको म्हटलं होतं," एवढंच त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

छापखान्यात बाईला वाटलं होतं की आता हातात नारळ मिळणार. मालक दोन दिवस घुमे बसले, कारण तिला काढलं तर सरांचं अक्षर कोण वाचणार? तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला. नव्या आवृत्तीच्या कव्हरावर मोठ्या अक्षरांत छापून आलं, 'उपग्रहाची अचूक उंची देणारे एकमेव गाईड!' पुस्तक दुप्पट खपलं. लेखकसरांनी नव्या प्रूफाची जाडी पाहून समाधान व्यक्त केलं. बाईने मात्र नवा कीबोर्ड टेबलावर आल्याशिवाय एक ओळ टाइप करणार नाही असं सांगितलं, आणि तो आला.

चोविसाव्या दिवशी लिफ्टमन घरी आला. आभार मानायला. बाई अजून कामावरून यायची होती. दार नणंदेने उघडलं, आणि हा कोण हे कळल्यावर तिला ते बंद करावंसं वाटलं, पण तोवर सासूबाईंनी त्याला खुर्ची दिली होती आणि साबणाची गोष्ट त्यालाच सांगायला सुरुवातही केली होती.

"मग लागली का तुमची नोकरी?" नणंदेने फटकन विचारलं.

"छे हो. मी तीन मार्कांनी खाली होतो. एक मिळाला, तरी दोन कमीच."

"दोन कमी?" नणंद आ वासून उभी राहिली. "मग कशासाठी एवढा आटापिटा? लागणार नाही हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." तो ओशाळून हसला. "पण मी बरोबर लिहिलं होतं ना. आठ मजल्यांवर सगळ्यांना सांगून बसलो होतो, माझं बरोबर आहे म्हणून. डॉक्टर, परिचारिका, सगळे रोज लिफ्टमध्ये विचारायचे, काय झालं उपग्रहाचं? आता सांगता येतं."

बाई जिना चढून आली तेव्हा घरातून हसण्याचा आवाज येत होता. नणंद पोट धरून बसली होती आणि लिफ्टमनला कळत नव्हतं की आपण इतकं काय बोललो. बाईला पाहून नणंदेने डोळे पुसले.

"वहिनी," ती थेट म्हणाली, "तुझ्यामुळे माझी नोकरी गेली आणि यांची लागलीही नाही. काय मिळवलंस?"

"काहीच नाही," बाई पिशवी खाली ठेवत म्हणाली. "चहा घेतलात का तुम्ही?"

प्रतीक्षायादी नवव्या क्रमांकावर अडकली आणि मुदत संपून मेली. नणंदेने पुढच्या वर्षी दुसऱ्या कार्यालयाची परीक्षा दिली. यावेळी ती सुट्टीच्या दिवशी छापखान्यात येऊन सरांचे कागद आणि प्रूफ ताडून पाहायची, आणि शंका आली की दादाला किंवा लिफ्टमनला फोन लावायची. इंटरनेटच्या एकट्या धड्यात तिने एकोणीस चुका काढल्या. त्यातल्या चौदा सरांच्या आणि पाच वहिनीच्या. वहिनीच्या पाच तिने लाल शाईने काढल्या आणि सगळ्यांना दाखवल्या. ती पास झाली, सव्विसावी. टायपिंगची चाचणीही होती, तिची तयारी तिने वहिनीच्या नव्या कीबोर्डावर केली.

रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी दुपारी तिचा छापखान्यात फोन आला.

"वहिनी, इथे कॉम्प्युटर आहे."

"मग असणारच."

"खोक्यात आहे. दोन वर्षांपासून. त्यावर हे लोक जेवणाचे डबे ठेवतात. साहेब म्हणाले, तुमची परीक्षा झालीय ना, तुम्हीच उघडा." मागे कुणीतरी डबे हलवत असल्याचा खडखडाट ऐकू येत होता. "हे खोकं उघडायचं कसं? गाईडात नव्हतं."

"कात्रीने, वन्सं," कंपोजबाई म्हणाली, आणि फोन खांद्यावरून काढून नीट हातात धरला.